राजस्थानांतील वाटाडे

काशीयात्रेस निघणाऱ्या आमच्या पूर्वजांस वाटाड्या शोधावा लागत नसे. तोच त्यांस शोधीत येई. गांवाचें नांव व कुळाचें उपनांव सांगितलें कीं तीर्थोपाध्याय बासनांतून वही काढी आणि पणज्याची मोडी सही यात्रेकरूच्या पुढें ठेवी. त्या एका सहीनें दोघांचें नातें जडे व दक्षिणेचा प्रश्नही निम्मा सुटे. आजच्या प्रवासांत उपाध्यायाची जागा ‘गाईड’ नामक गृहस्थानें घेतली आहे. त्याच्यापाशीं वही नसते, आपलें कूळ त्यास ठाऊक नसतें, आणि दोन तासांनंतर तो पुन्हां भेटण्याचा संभवही नसतो. असें असूनही एखाद्या शहराविषयीं जें कांहीं घेऊन आपण घरीं येतों, तें बहुधा त्याच्याच मुखांतून आलेलें असतें. गेल्या पौषांत आम्ही राजस्थान पाहून आलों. तेथील किल्ल्यांचीं व वाड्यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. आम्हांस या लेखांत वाटाड्यांविषयींच लिहावयाचें आहे.

प्रवास एका यात्राकंपनीबरोबर होता. मंडळी बत्तीस, सारी मराठी. कोणी पुण्याचे, कोणी डोंबिवलीचे, कोणी सांगलीचे, दोन कुटुंबें नागपूरचीं. पहांटे पांचला दारावर थाप, सहाला उपाहार, सातला गाडी, हा नेम संध्यावंदनाहूनही कडक पाळला जाई. पोहे, वरणभात व लिंबाचें लोणचें यांची सोय वाळवंटांतही चुकली नाहीं. (प्रवासांत नवें कांहीं पाहावें पण नवें कांहीं खाऊं नये, असा आपल्या लोकांचा निश्चय असतो.) कंपनीचा तरुण व्यवस्थापक सदैव बरोबर असे, परंतु त्याचें सारें लक्ष माणसें मोजण्याकडे. शहर दाखविणारा मनुष्य मात्र ज्या त्या गांवचा, परवान्याची चिठ्ठी गळ्यांत अडकविलेला, असा घेतला जाई.

जयपूरचा वाटाड्या तिशीच्या आंतला होता. इतिहास घेऊन पदवीधर झालेला, वाणी स्वच्छ, आणि पायांत चपळाई अशी कीं आमच्यांतील गुडघेदुखीची मंडळी त्याच्या छत्रीच्या टोंकाकडे पाहत मागून ओढलीं जात. हवामहालापुढें त्यानें १७९९ साल, सवाई प्रतापसिंग व नऊशें त्रेपन्न खिडक्या हें सारें एका दमांत सांगितलें. शहरास गुलाबी रंग १८७६ सालीं इंग्लंडच्या युवराजाच्या आगमनानिमित्त देण्यांत आला, हेंही सांगितलें. पाठांतर चोख होतें. परंतु जंतरमंतरांत शिरल्यावर त्याचा स्वर बदलला. तेथें तो पाठ म्हणत नव्हता. त्याला स्वतःला ती जागा आवडत होती.

सवाई जयसिंगानें १७२७ सालीं हें नगर वसविलें आणि पुढें कांहीं वर्षांतच येथील वेधशाळा उभी केली. दिल्ली, उज्जयिनी, काशी व मथुरा येथेंही त्यानें वेधशाळा बांधिल्या होत्या. त्यांपैकीं मथुरेची आज उरलेली नाहीं. जयपुरांतील सम्राटयंत्र म्हणजे सुमारें नव्वद फूट उंचीचा दगडी शंकु. त्याची तिरपी कड जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सत्तावीस अंशांनीं कललेली असून ध्रुवाकडे रोखलेली आहे. दोहों बाजूंस वर्तुळपादाचे चुनेगच्ची कठडे आहेत व त्यांवर घटकापळांच्या रेघा कोरल्या आहेत. वाटाड्यानें आम्हां सर्वांस कठड्यापाशीं उभें केलें, सावलीच्या कडेवर एक काडी ठेविली आणि ‘आतां कोणीं बोलूं नये’ म्हणून सांगितलें. एका मिनिटांत सावली काडीपासून चार बोटें सरकली. बत्तीस मराठी माणसें एक मिनिट गप्प राहिलीं, हा चमत्कारही लहान नव्हे! सांगलीच्या एका लहान मुलीनें मनगटावरील घड्याळाशीं ताळा पाहिला, तों अर्ध्या तासाच्या आसपास फरक. ‘यंत्र बिघडलें आहे’ असें तिनें जाहीर केलें. यंत्र बिघडलेलें नव्हतें. आपलीं घड्याळें साडेब्यायशी रेखांशाच्या मानानें चालतात. जयपूर त्याच्या बरेंच पश्चिमेस असल्यामुळें तेथील सूर्य घड्याळाच्या मागून येतो. वाटाड्यानें हें तिला जमिनीवर रेघ ओढून इतकें नेटकें समजाविलें कीं आमच्यांतील जुना शिक्षक मनांतल्या मनांत त्यास गुण देऊन मोकळा झाला.

एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. जयसिंगाच्या पदरीं जगन्नाथ सम्राट नांवाचा जो ज्योतिषी होता, तो महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यानें अरबी भाषा शिकून युक्लिडाची भूमिति ‘रेखागणित’ या नांवानें १७१८ सालीं संस्कृतांत आणिली, आणि टॉलेमीचा ग्रंथ १७३२ च्या सुमारास ‘सम्राट्‌सिद्धांत’ या नांवानें. यवनांचें शास्त्र अरबांकडून येऊन एका शास्त्र्यानें गीर्वाणवाणींत लिहावें, आणि तें एका रजपूत राजाच्या आज्ञेनें! ‘रेखागणित’ पुढें १९०१-०२ सालीं मुंबईस छापलेंही गेलें. आम्हीं हें सांगतांच त्या तरुणानें खिशांतून वही काढली व नांव लिहून घेतलें. वाटाड्यापाशीं वही नसते असें आम्हीं वर लिहिलें, हा अपवाद.

तेथून त्रिपोलिया बाजाराकडे पायीं जातांना ईसरलाट नांवाचा सात मजली मनोरा लागतो. जयसिंगाचा पुत्र ईश्वरीसिंग यानें तो १७४९ सालीं बांधिला. एका सरदाराच्या सुंदर कन्येचें दर्शन व्हावें म्हणून राजा या मनोऱ्यावर चढत असे, अशी आख्यायिका वाटाड्यानें प्रथम सांगितली. ती सर्वांस, विशेषतः महिलामंडळास, फार रुचली. मग तो म्हणाला, ‘खरें पाहतां हा विजयस्तंभ आहे. १७४७ सालीं राजमहालच्या लढाईंत ईश्वरीसिंगानें सावत्र भावाचा पराभव केला, त्याचें हें स्मारक. परंतु मराठे खंडणीसाठीं पुन्हां पुन्हां आले. तिजोरींत पैसा उरला नाहीं. शेवटीं होळकर चालून येतो असें ऐकून राजानें १७५० च्या डिसेंबरांत विष घेतलें. मराठ्यांनीं आमच्या राजाला मारलें.’

इतकें ऐकतांच मंडळींत खळबळ उडाली. डोंबिवलीचे एक सेवानिवृत्त अभियंते पुढें झाले. गृहस्थ सज्जन, गाडींत वृद्धांस हात देणारे. पण या वेळीं त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘आमच्याच पैशानें आम्हांला लुटारू म्हणतोस? शब्द मागें घे!’ दोघातिघांनीं त्यांची री ओढली. वाटाड्या गोंधळला. ‘बाबूजी, पुस्तकांत आहे तेंच मीं सांगितलें,’ एवढेंच तो म्हणाला. व्यवस्थापक धांवत आला. त्याला सत्यासत्याशीं कर्तव्य नव्हतें. तक्रार कंपनीपर्यंत गेली तर या मुलाला पुढील गाडी मिळणार नाहीं, हें तो व तो मुलगा दोघेही जाणून होते. तेव्हां अभियंते आमच्याकडे वळून म्हणाले, ‘मास्तर, तुमचा जन्म इतिहास शिकविण्यांत गेला. तुम्हीच याला सांगा.’

आम्हीं सांगितलें तें असें. या मुलानें सांगितलें त्यांत खोटें कांहीं नाहीं. जयसिंग १७४३ सालीं वारला व गादीसाठीं दोघां भावांत तंटा लागला. आपल्या सरदारांनीं आधीं एकाची, मग दुसऱ्याची बाजू घेतली आणि दोघांकडूनही पैसा मागितला. मल्हारराव सैन्य घेऊन आले म्हणूनच ईश्वरीसिंगानें विष घेतलें. त्याच्या कांहीं राण्याही त्याजबरोबर गेल्या. हें आपल्याकडील सरदेसायांसारख्या इतिहासकारांनींही लपविलेलें नाहीं. परंतु कथा येथें संपत नाहीं. पुढच्याच महिन्यांत, १७५१ च्या जानेवारींत, बाहेर तळ देऊन असलेल्या मराठी फौजेंतील लोक हें नवें शहर व येथील देवालयें पाहण्यास आणि खरेदीस आंत आले. तेव्हां वेशी लागल्या आणि या रस्त्यांत शेंकडों माणसें कापलीं गेलीं. ज्या माधोसिंगास मराठ्यांनीं गादीवर बसविलें, त्याच्याच राज्यांत हें घडलें. तीं माणसें शहर पाहण्यासच आलीं होतीं. आपण आज आलों आहों तशीं.

एवढें बोलून आम्ही थांबलों असतों, पण आणखी एक गोष्ट मनांतून जाईना, म्हणून तीही सांगितली. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ सालीं काशीयात्रेस निघाल्या, तेव्हां याच जयसिंगानें या नगरांत त्यांचा मोठा सत्कार केला आणि पुढील वाटेच्या बंदोबस्तास आपलीं माणसें दिलीं. रजपूत वाटाडे पेशव्यांच्या आईस सुखरूप घेऊन गेले. तेव्हांपासून त्या विषाच्या पेल्यापर्यंत पुरतीं सोळा वर्षेंही गेलीं नव्हतीं.

कोणी कांहीं बोललें नाहीं. वाटाड्यानें राधाबाईंचें नांवही वहींत टिपलें, आणि ‘गुरुजी, कत्तलीची गोष्ट आम्हांला शिकविलेली नव्हती,’ असें म्हणून छत्री उंच धरून चालूं लागला. अभियंते मात्र आमच्यावर रुष्ट झाले. गाडींत ते आमच्या पुढच्या बाकावर बसत, ते मागें जाऊन बसले. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं सहलीला आलेल्या माणसानें शाळा सोबत आणूं नये. त्यांच्या म्हणण्यांत नेहमींप्रमाणें तथ्य होतें. तथापि विचारणाऱ्यास उत्तर न देणें आम्हांस आजवर जमलेलें नाहीं.

उदेपूर झालें, अबूचा पहाड झाला. अरवली हा हिमालयाहून कित्येक पटींनीं वृद्ध पर्वत. झिजून झिजून त्याची हाडें वर आलीं आहेत. १७२२ मीटर उंचीच्या गुरुशिखरावर दत्तगुरूंचें स्थान असल्यामुळें मंडळींस घरीं आल्यासारखें वाटलें. देलवाड्यास विमलशहानें १०३१ सालीं व वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनीं १२३० सालीं बांधविलेलीं संगमरवरी मंदिरें पाहतांना वाटाड्यास फारसें बोलावें लागलें नाहीं. दोघां जावांनीं ईर्ष्येनें करविलेले समोरासमोरचे कोनाडे मात्र त्यानें आवर्जून दाखविले, आणि तेथें हंशा पिकला.

जोधपूरच्या प्रौढ वाटाड्याविषयीं एकच लिहितों. मेहरानगडावरून निळीं घरें दाखवून झाल्यावर त्यानें दूर बोट करून खेजडलीची हकीकत सांगितली. १७३० सालीं राजवाड्याच्या कामासाठीं झाडें तोडण्यास माणसें आलीं, तेव्हां अमृतादेवी नांवाच्या बिष्णोई स्त्रीनें झाडास मिठी मारली. तिच्यासह ३६३ माणसांनीं त्या झाडांसाठीं प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्यास तिची पूजा आपण करतों, परंतु आमच्या बत्तीस जणांपैकीं निम्म्यांना ती ओळखतां येत नव्हती. त्या रात्रीं सांगरीची भाजी पानांत आली. सांगरी म्हणजे शमीच्याच शेंगा, हें कळल्यावर प्रथम ‘नको’ म्हणणाऱ्यांनींही ती मागून घेतली.

जेसलमेर ११५६ सालीं रावळ जैसलानें वसविलें. पिवळ्या दगडाचा हा किल्ला अद्याप नांदता आहे. आंत घरें, दुकानें, मंदिरें, मुलें, गाई. येथला वाटाड्या किल्ल्यांतच राहणारा. कोरड्या हवेसाठीं बांधलेल्या या भिंतींत नळाचें पाणी मुरूं लागल्यापासून पायाखालची टेंकडी भिजते व बुरूज खचतात, हें त्यानें आम्हांस स्वतःच्या घराची भेग दाखवून समजाविलें. ‘प्रवासी आले नाहींत तर आम्हीं खावें काय, आणि आले तर त्यांच्या स्नानाचें पाणी जावें कोठें?’ या प्रश्नाचें उत्तर आमच्यांतील कोणापाशींही नव्हतें. त्या दिवशीं आम्हीं एका तांब्यांत हातपाय धुतले.

त्याच वाटाड्यानें दुसऱ्या दिवशीं कुलधरा दाखविलें. हें पालीवाल ब्राह्मणांचें गांव, एकोणिसाव्या शतकांत ओस पडलेलें. सालिमसिंग नांवाच्या दिवाणाची एका कन्येवर दृष्टि गेली आणि चौऱ्याऐंशी गांवें एका रात्रींत शाप देऊन उठलीं, ही कथा तेथें सर्वत्र ऐकावयास मिळते. रात्रीं भुतें फिरतात हें त्यास जोडलेलें पुच्छ. आमच्या वाटाड्यानें ती सांगितली, आणि हळूच म्हणाला, ‘ही तिकिटाची गोष्ट झाली. खरी गोष्ट तिकडे आहे.’ सालिमसिंगाचा जुलूम खरा होता, त्याची नोंद टॉडनेंही केली आहे. पण वाढते कर व आटतें पाणी यांनीं गांवें हळूहळू रिकामीं होत गेलीं असावींत, असें त्याचें मत पडलें. मग त्यानें आम्हांस जवळचें एक खडीन दाखविलें. उतारावर मातीचा लांब बांध घालावयाचा, पावसाचें पाणी त्यामागें अडवावयाचें, तें जमिनींत मुरलें कीं त्याच ओलीवर रब्बीचा गहूं व हरभरा पेरावयाचा. वर्षाला आठ इंचही पाऊस पडत नाहीं अशा देशांत पालीवालांनीं या युक्तीनें शतकानुशतकें गहूं पिकविला. आम्ही गेलों तेव्हां बांधाआड हरभरा हिरवागार उभा होता. भुतांच्या गांवापासून तेथवर चालत आलेले आम्ही नऊजण. बाकीचे गाडींत बसले होते. त्या नवांत अभियंते होते. त्यांनीं बांधाची उंची पावलांनीं मोजली, सांडवा कोठें आहे तें विचारलें आणि पुष्कळ वेळ मान हलवीत राहिले.

सायंकाळीं समच्या वाळूच्या टेंकड्यांवर गेलों. जेसलमेरपासून हें ठिकाण सुमारें चाळीस किलोमीटर. मोटारींचा व कर्ण्यांचा गोंगाट इतका कीं वाळवंट हें निर्जन असतें असें जीं मुलें भूगोलांत लिहितील त्यांचे गुण कापावे लागतील. उंटवाला म्हातारा समजदार होता. त्यानें उंट गर्दीपासून दूर नेऊन बसविला. वारा ज्या अंगानें येतो तो उतार लांब व घट्ट, पलीकडचा उभा व भुसभुशीत. चढावें इकडून, घसरावें तिकडून, एवढें त्यानें शिकविलें व तो बिडी ओढीत बसला. आम्ही कड्यावर टेकलों, तों पाठीमागून अभियंते आले व जरा अंतर ठेवून बसले.

कांहीं वेळानें ते म्हणाले, ‘मास्तर, राधाबाईंचें तें छापलेलें कोठें मिळेल?’

आम्हीं सरदेसायांच्या मराठी रियासतीचें नांव सांगितलें. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कोणता भाग मागावा, तेंही सांगितलें. त्यांनीं तें लिहून घेतलें. मग जयपूरच्या त्या मुलाची तक्रार केली काय, असें आम्हीं विचारलें.

‘लिहिली होती. दिली नाहीं,’ असें म्हणून त्यांनीं खिशांतली घडी दाखविली.

एवढ्यांत खालून व्यवस्थापकाच्या हांका ऐकूं येऊं लागल्या. गाडींत मोजणी झाली होती व माणसें तीसच भरत होतीं. उंटवाला बिडी विझवून उठला आणि आम्हां दोघांस उभ्या उतारावरून हात धरून खालीं घेऊन गेला.