बेपत्ता

माझे एकसष्ट नमुने ज्या दिवशी प्रदर्शनातून परत आले, त्या दिवशी ते पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ, अधिक सारख्या आणि अधिक देखण्या डब्यांत बसवलेले होते, आणि नेमक्या त्याच कारणाने त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. या गोष्टीला आता नऊ वर्षे होत आली, तरी तो सल गेलेला नाही.

हिंगोली जिल्ह्याची भूमी म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपले आणि झिओलाइट वर्गातील स्फटिक जमले. अशा खडकाला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट परदेशी संग्रहालयांत मानाने मांडला जातो, त्याचा मला हेवा नाही. माझा जीव टाचणीच्या डोक्यावर मावतील अशा स्फटिकांवर. मुठीएवढा स्फटिक बहुधा शेजाऱ्यांच्या दाटीत वाढतो, तर अर्ध्या मिलिमीटरचा आपल्या पोकळीत मोकळा वाढतो, म्हणून त्याची प्रत्येक कड आणि प्रत्येक पैलू शाबूत असतो. औंढा, सेनगाव, कळमनुरी या भागांत कोठे विहिरीचे काम निघाल्याची वर्दी आली, की सुरुंग उडून गेल्यावर यारीच्या बादलीतून वर आलेल्या दगडांच्या ढिगाशी मी दिवस दिवस बसत असे. घरी आल्यावर काळ्या रंगवलेल्या बुचाच्या तुकड्यावर नमुना चिकटवायचा, इंचभर डबीत ठेवायचा आणि डबीच्या तळाशी चिठ्ठी लावायची : गाव, गट क्रमांक, किती परस खोल, तारीख.

एका विद्यालयाने प्रदर्शनासाठी या डब्या रीतसर पावती देऊन नेल्या. तेथे कोणास तरी माझ्या डब्या कळकट वाटल्या. बुचासकट नमुने नव्या एकसारख्या डब्यांत हलवले गेले, वर छापील अक्षरांत ‘हुलंडाइट’, ‘स्टिल्बाइट’, ‘मेसोलाइट’ आणि खाली सर्वत्र एकच मजकूर : ‘दख्खन’. जुन्या डब्या चिठ्ठ्यांसह रद्दीत गेल्या. मी विचारणा करताच संबंधित गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, “सर, नावं तर सगळी बरोबर टाकलीत ना आम्ही?”

नावे बरोबर होती. पण नाव कोणीही जाणकार भिंगातून पाहून पुन्हा लिहील. ठिकाण कोण लिहिणार? सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव ठेवून गाव आणि गट क्रमांक खरवडून टाकला, तर त्या दस्तऐवजावर कोणता तलाठी फेरफार घेईल? ज्या विहिरीच्या नवव्या परसाला चिंचोक्याएवढ्या पोकळीत मेसोलाइटच्या केसासारख्या सुईवर एकच हुलंडाइट तोललेला मिळाला, ती विहीर आता सिमेंटने बांधलेली आणि पाण्याने भरलेली आहे; तो थर पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणे नाही. माणसे हे नुकसान मानीतच नाहीत, कारण वस्तू परत आलेली असते. म्हणून जो कोणी हा छंद धरील त्याने क्रमांक बुचाच्याच बुडाला शाईने घालावा आणि नोंदवही निराळी ठेवावी. मी ती ठेवली नव्हती. चिठ्ठी जवळ असताना वहीची गरज मला भासली नाही.

त्यानंतर दोन वर्षे मी सूक्ष्मदर्शकावरचे आवरण काढले नाही. पत्त्यावाचून स्फटिक म्हणजे नुसता चकाकणारा खडा, असे मी तेव्हा सर्वांना सांगत असे. पुढे एका पावसाळ्यात घरात सर्दावा शिरला म्हणून डब्या तपासायला घेतल्या, आणि तो सुईवरचा हुलंडाइट प्रकाशाखाली आला तेव्हा त्याच्या मोत्यासारख्या झळाळीत गट क्रमांकावाचून काही उणे दिसेना. तितका वेळ तरी मला कसलीही तक्रार नव्हती, आणि हे कबूल करताना मला अजून अपराधी वाटते.

अकरा नमुने मी खूणगाठीने ओळखले आणि त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. पन्नासांखाली कोरा कागद आहे. त्यांतला एक, गव्हाच्या पेंढीसारखा स्टिल्बाइट, सेनगावकडच्या विहिरीतला असावा, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तेथे मी तीनदा पेन्सिलीने गावाचे नाव लिहिले आणि तीनदा खोडले आहे.