लिनक्सला अनोळखी कॅमेरा

डिजिटल कॅमेरा लिनक्सच्या संगणकाला जोडला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, तर टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. यादीत कॅमेऱ्याची ओळ दिसली, म्हणजे वायर आणि पोर्ट शाबूत आहेत. त्या ओळीत ‘आयडी’च्या पुढे दोन क्रमांक असतात: पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. कॅननचा ०४ए९, निकॉनचा ०४बी०. पण कंपनी कळून काम भागत नाही. हीच आज्ञा ‘-व्ही’ लावून दिली की लांबलचक मजकूर येतो. त्यातली इंटरफेस क्लासची ओळ तेवढी शोधावी.

तिथे ८ असेल तर कॅमेरा पेनड्राइव्हसारखा उघडतो. ६ असेल तर तो पीटीपी ही फोटो पाठवण्याची ठरलेली रीत वापरतो. मग कॅमेऱ्यातून फोटो उतरवणाऱ्या जीफोटो या प्रोग्रामच्या यादीत त्याचे नाव नसले, तरी ‘यूएसबी पीटीपी क्लास कॅमेरा’ असे मॉडेल सांगून बहुधा फोटो उतरतात. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांच्या मेनूत या दोहोंपैकी एक निवडता येते. ते आधी पाहावे, पुष्कळदा तेवढ्यावरच निभावते. डिव्हाइस ताब्यात घेता येत नाही अशी तक्रार आली, तर डेस्कटॉपनेच कॅमेरा आधी धरून ठेवलेला असतो. तो अनमाउंट करावा.

२५५ आला की खरी कसोटी. याचा अर्थ, बोलण्याची रीत कंपनीची स्वतःची. खेळण्यासारखे स्वस्त कॅमेरे बहुतेक याच जातीचे. एसक्यू९०५ ही एकच चिप कितीतरी नावांच्या कॅमेऱ्यांत होती, म्हणून खोक्यावरचे नाव सोडून २७७०:९१२० हा क्रमांकच शोधावा. या चिपचा कॅमेरा तयार जेपेग देत नाही, सेन्सरचा कच्चा माल देतो. रंग संगणकाने भरायचे. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक थिओडोर किलगोर यांनी अशा कॅमेऱ्यांसाठी जीफोटोत चालक (ड्रायव्हर) लिहिले. यांतल्या अनेकांची मेमरी सेलवर जगते. हिमायतनगरच्या परमेश्वर यात्रेतले फोटो अशा कॅमेऱ्यात असतील, तर ते उतरेपर्यंत सेलला हात लावू नये!

क्रमांक कुठेच सापडला नाही, पण कॅमेऱ्यात कार्ड आहे, तर ते काढून रीडरमध्ये घालावे. फोटो डीसीआयएम फोल्डरात असतात. हा मार्ग कमीपणाचा मुळीच नाही. कार्डही नसेल, तर विंडोजवर चालणाऱ्या त्याच कॅमेऱ्याचे यूएसबीवरचे संभाषण वायरशार्क या प्रोग्रामने नोंदवून, कोणत्या आज्ञेला कोणते बाइट परत येतात हे जुळवत चालक स्वतः लिहावा लागतो.