वार ओढायची की नाही, हे एकट्याने ठरत नाही

पदवी घेताना जे शिकलो त्यातले किती आजही तसेच वापरावे, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी जनावरांवर उपचार करताना मला सतत पडतो. गाईची शरीररचना बदलत नाही, पण रोग नवे येतात, औषधांवर बंदी येते आणि काल बरोबर मानलेली पद्धत आज अपायकारक ठरते. लम्पी त्वचारोग माझ्या पिढीने आफ्रिकेतला रोग म्हणून वाचला होता. 1929 साली झांबियात त्याची पहिली नोंद झाली, 2019 मध्ये तो ओडिशात उतरला, पुढच्या वर्षी महाराष्ट्रात आला आणि 2022 मध्ये राज्यभर पसरला. विसाव्या पशुगणनेप्रमाणे राज्यात 1 कोटी 39 लाख गोवंश. त्याच्या दारात उभे राहणाऱ्या पशुवैद्यकांना हा रोग परीक्षेपुरता ठाऊक होता. म्हणून पदवीनंतरचे शिक्षण हवे, यावर आमच्या व्यवसायात कुणाचे दुमत नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. हे शिक्षण आपण एकेकट्या माणसाला देतो आणि त्याला पुन्हा एकटेच गावात सोडतो, म्हणून ते टिकत नाही. एका परिसरात काम करणाऱ्या सगळ्यांना ते एकत्र आणि पुन:पुन्हा मिळाले, तरच गोठ्यातली पद्धत बदलते.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण अडकलेल्या वारेचे आहे. गाय व्याली की साधारण बारा तासांत वार पडायला हवी. पडली नाही, लोंबत राहिली, वास सुटला की पशुपालकाचा जीव वर-खाली होतो आणि तो म्हणतो, "डॉक्टर, वार काढा." पूर्वी हात घालून वार सोडवणे हेच कौशल्य मानले जाई. आज आपल्याला माहीत आहे की असे ओढून काढल्याने गर्भाशयाच्या आतल्या थराला इजा होते, जंतुसंसर्ग वाढतो आणि पुढच्या गाभण राहण्याला त्याचा काही फायदा होत नाही. गाय खातेय, ताप नाही, तर बाहेर लोंबणारा भाग कापून, रोज ताप पाहून थांबायचे. वार काही दिवसांत आपोआप सुटते. ताप आला तर प्रतिजैविक द्यायचे. शिवाय गायीला ब्रुसेला जंतूंची लागण असेल, तर ती वार आणि गर्भाशयातले पाणी जंतूंनी भरलेले असते आणि हात घालणारा माणूस महिनोन्महिने पुन:पुन्हा उलटणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन घरी जातो. एवढे सगळे एका व्याख्यानात समजते. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात काय होते? पशुवैद्यक म्हणतो, थांबू या. पशुपालकाला वाटते, याला काढता येत नाही. तो शेजारच्या गावातून दुसऱ्याला बोलावतो, तो दहा मिनिटांत वार ओढून बादलीत टाकतो आणि गावात त्याचे नाव होते. नवे ज्ञान पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले, जुनी सवय पाळणाऱ्याचे वाढले. अशा वेळी पहिल्या माणसाने किती काळ तग धरावा? तो आळशी नसतो, अडाणीही नसतो. त्याच्या बाजूने दुसरे कुणी बोलत नाही, एवढीच त्याची अडचण असते. तालुक्यातले सरकारी, खासगी, दूध संघाचे सगळे एकाच दिवशी एकाच प्रश्नावर बोलले आणि सगळ्यांनी तेच सांगायचे ठरवले, तर पशुपालकाला दुसरीकडे वेगळे उत्तर मिळत नाही. मग थांबणे ही त्याच्याही समजुतीतली रीत होते.

डायक्लोफेनॅकची कहाणी तर साऱ्या उपखंडाने पाहिली. हे वेदनाशामक टोचलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, शरीरात युरिक ॲसिडचा पांढरा थर साचतो आणि ती मरतात. हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 1992 ते 2007 या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या जवळजवळ 99.9 टक्क्यांनी घटली. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली आणि त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचेही दिसून आले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्या बाटलीचा आकार 3 मिलीपर्यंत मर्यादित करावा लागला. मला यातली पुढची गोष्ट अधिक बोचते. बंदी आल्यावर बाजार केटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड अशा औषधांकडे वळला. ॲसिक्लोफेनॅकचे गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. केटोप्रोफेनही गिधाडांना मारते. या दोन्हींवर 2023 मध्ये बंदी आली, त्यानंतर निमेसुलाइडवरही. आम्हाला परिपत्रकातून नाव कळले, कारण कळले नाही. कारण नीट कळले असते, त्यावर गटात वाद झाला असता, तर पुढचे वेदनाशामक हातात घेताना "याने गिधाडाचे काय होते?" हा प्रश्न पशुवैद्यकानेच आधी विचारला असता. रायगडातल्या म्हसळ्याच्या बाजूला किंवा नाशिकच्या खोरीपाड्याला गिधाडे जपण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे कष्ट करत आहेत. त्यांच्या कष्टांचे फळ आमच्या पिशवीतल्या औषधावर अवलंबून आहे.

यावर एक उपाय सहज सुचवला जातो: तास ठरवून द्या आणि नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडा. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाला वर्षाला 35 तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. मी सक्तीच्या विरोधात नाही. सक्ती नसेल तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच येत नाहीत. पण तास मोजून बसणे मोजले जाते, शिकणे नाही. ब्रिटनच्या पशुवैद्यक परिषदेलाही हे जाणवले असावे, कारण आता तिथे नुसते तास चालत नाहीत, त्या शिक्षणातून स्वतःच्या कामाबद्दल काय उमगले हेही लिहावे लागते. माणसांच्या डॉक्टरांबाबत 2009 साली वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 81 चाचण्यांचा आढावा घेतला. शैक्षणिक सभांमुळे प्रत्यक्ष उपचारांत झालेली सुधारणा साधारण 6 टक्के होती. जिथे व्याख्यानाबरोबर चर्चा आणि सहभाग होता तिथे परिणाम अधिक दिसला आणि जी सवय बदलायला अवघड, तिथे तो कमी. वार न ओढणे ही नेमकी तशीच अवघड सवय आहे. माणसांवरचा पुरावा गाईंच्या डॉक्टरांना लावणे कितपत योग्य, असे कुणी म्हणेल. पण इथे रुग्ण कोण हा मुद्दाच नाही, सवय बदलायची आहे ती डॉक्टरची, आणि ती दोन्हीकडे माणसाचीच असते.

दुसरे म्हणणे असे, की औषध कंपन्या कार्यक्रम घेतातच, जेवणही देतात, मग वेगळी व्यवस्था कशाला? त्या कार्यक्रमांत मलाही उपयोगी माहिती मिळते, हे खरे. पण औषध न देण्याचा सल्ला विकायला कुणी व्यासपीठ भाड्याने घेत नाही. कासदाहात सडातून ट्यूब सोडण्याआधी दुधाची तपासणी करा, सौम्य असेल तर थांबा, ज्या विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही त्यासाठी ते टोचू नका, ही वाक्ये विकाऊ नाहीत. 2019 मध्ये कोलिस्टिन अन्न देणाऱ्या जनावरांसाठी बंद झाले, कारण माणसांच्या उपचारात ते शेवटच्या फळीतले औषध आहे. असे निर्णय समजून घ्यायला जागा हवी ती विक्रीपासून दूर. तिचा खर्च शासनाने, पशुवैद्यक परिषदेने आणि विद्यापीठाने करायला हवा.

वेळेचा आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. एका दवाखान्याला अनेक गावे, रात्री अडलेली गाय, लसीकरणाची मोहीम, वर अहवाल. दवाखाना तीन दिवस बंद ठेवून नागपूर किंवा परळला जाणे बहुतेकांना जमत नाही. पण म्हणूनच शिक्षण दूर नको. बहुतेक जिल्ह्यांत पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, अनेक तालुक्यांत लघु सर्वचिकित्सालये आहेत. महिन्यातून एक दुपार तिथे जमायचे, महिन्यातली मेलेली आणि न उमजलेली जनावरे मांडायची, शवविच्छेदनाचे निष्कर्ष समोर ठेवायचे आणि प्रयोगशाळेचे अहवाल ज्याने नमुना पाठवला त्याच्याच हाती परत द्यायचे. पुण्यात औंधला रोग अन्वेषणाची यंत्रणा आहे. तिचे उत्तर गोठ्यापर्यंत लवकर पोहोचले, तर प्रत्येक नमुना हा एक धडा होतो. मध्ये अडले तर फोनवर विचारता यावे असा एक अनुभवी ज्येष्ठ प्रत्येक तालुक्याला ठरवून द्यावा आणि त्याला त्या कामाचा मोबदला मिळावा. आज हे सगळे ओळखीपाळखीवर आणि मोबाइलच्या गटांवर चालते. लम्पीच्या काळात त्या गटांनी मोठा आधार दिला, पण चुकीचा डोसही तिथे तितक्याच वेगाने फिरू शकतो आणि त्याला अडवणारा कुणी नेमलेला नसतो.

या बैठकीचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याबद्दल आम्ही फार कमी बोलतो. ब्रिटनमधल्या अभ्यासांत पशुवैद्यकांचे आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तीन ते चार पट आढळले. तिथे त्यांच्यासाठी रात्रंदिवस चालणारी मदतवाहिनी आहे. आपल्याकडचा ताण वेगळा असेल, पण एकुलती म्हैस हातात मेली, घरची बाई ओट्यावर बसून रडतेय आणि चूक आपली होती का हे कुणाला विचारायचे तेच कळत नाही, हा भार इथल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. चुकीची चर्चा शिक्षेशिवाय होऊ शकेल अशी एक खोली मिळाली, तर शिक्षण आणि आधार तिथे वेगळे राहत नाहीत. वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर कुणी चूक कबूल करणार नाही, अशी शंका येते ती रास्त आहे. म्हणून या बैठकीत चौकशीचा अधिकार असलेल्या माणसाने बसू नये आणि तिथल्या बोलण्याची नोंद सेवापुस्तकापर्यंत जाऊ नये.

राहिला प्रश्न कुणाला बोलवायचे याचा. पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांना आणि खासगी सेवादात्यांना सोबत बसवले तर पदवीची किंमत कमी होते, असे माझ्याच व्यवसायबंधूंपैकी काहींना वाटते. कायद्याने कुणी काय करावे हे ठरलेले आहे, ते तसेच राहील. पण गोठ्यात पहिला पोहोचतो तो बहुधा पर्यवेक्षक. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची एस-19 लस टोचताना सुईखाली हात त्याचाही असतो आणि ती लस जिवंत जंतूंची असल्याने धोका त्यालाही असतो. मोजे, चष्मा, सुई चुकून स्वतःला टोचल्यास पुढे काय करायचे, हे त्याला कुणी सांगायचे? त्याच्याशिवाय आम्ही जे ठरवू ते फक्त आमच्या दवाखान्यापुरते राहील. पहिल्या बैठकीला तोही हवा, दूध संघाचा माणूसही हवा आणि विषय वारेचाच घ्यावा.