घसारा वजा जाता

उताराबद्दल मराठी भाषेचे मत पहिल्यापासून वाईट आहे. माणूस थकला की त्याचे उतारवय सुरू होते, घराण्याला उतरती कळा लागते, मंत्री नकोसा झाला की त्याला पायउतार व्हावे लागते, आणि चेहरा तर कशानेही उतरतो. उतरलेले बरे, असे दोनच जिन्नस : ताप आणि दारू. आमच्या बँकेत मान आहे तो फक्त सातबाराच्या उताऱ्याला. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितले, की जगात काही शहाणीसुरती माणसे तिकीट काढून डोंगरावर जातात आणि केवळ उतार मिळावा म्हणून सायकलवरून खाली येतात, तर तो त्या माणसांच्या घरच्यांची चौकशी करील.

मला चौकशी करावी लागली नाही. त्यांतला एक माझा सख्खा भाचा आहे.

भाचा कॅनडात व्हँकुव्हरला नोकरी करतो. लहानपणी तो पुण्यात ताईच्या वाड्याच्या जिन्यावरून तीनचाकी घेऊन उतरला होता, तेव्हा आम्ही त्याला अपघात समजलो. मागल्या वर्षी एका उतारावर झाडाच्या मुळाला चाक लागून त्याचे कॉलरबोन मोडले. ही बातमी त्याने आईला हाड जुळून आल्यावर दिली. ताईने दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले आणि तिसऱ्या दिवशी मला फोन केला. "तू जाऊन ये. त्याला समजाव. तू बँकेत आहेस, तुझं ऐकेल." बँकेतल्या माणसाला धोका लवकर कळतो, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. बँकेचा तसा समज असल्याचे मला तेवीस वर्षांत आढळलेले नाही. तिकीट भाच्याने काढले, आमच्या एल.एफ.सी.त परदेश बसत नाही.

कर्जदाराला भेटण्याआधी त्याची जुनी फाइल वाचावी, हा आमचा रिवाज. म्हणून मी आधी या खेळाची फाइल काढली. मूळ कॅलिफोर्नियात निघाले. तिथे मरीन काउंटीत काही तरुणांनी भंगारात जायच्या लायकीच्या, १९३०-४० सालच्या जाडजूड सायकली गोळा केल्या आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावरून खाली येण्याची शर्यत लावली. तीन किलोमीटरच्या आसपास अंतर आणि सुमारे १३०० फूट उतार. ब्रेक जुन्या पद्धतीचे, पायडल उलटे दाबले की लागणारे. खाली पोचेपर्यंत चाकाच्या हबमधले ग्रीस तापून धूर होऊन जाई, आणि पुढच्या खेपेआधी ते नव्याने भरावे लागे. हे पुन्हा भरणे म्हणजे 'रिपॅक', म्हणून शर्यतीचेही नाव 'रिपॅक'. जगात शर्यतींना राजांची, देवांची, गावांची नावे आहेत. दुरुस्तीच्या कामाचे नाव असलेली मला एवढीच ठाऊक. चार्ली केली शर्यती भरवी, आणि गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांत खाली येऊन तिथला विक्रम केला. आमच्याकडे एवढ्या वेळात टोकनचा नंबरही पुकारला जात नाही.

पुढे १९९० साली अमेरिकेत ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत उताराचीही शर्यत होती. ऑलिंपिकवाल्यांनी मात्र १९९६ साली माउंटन बाइक आत घेतली ती चढउतार दोन्ही असलेली. नुसत्या उताराला त्यांनी दार उघडलेले नाही. आपणही तेच केले. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढून आधी वर येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले. उतरणाऱ्याला साधे घाटाचे कारकूनही कोणी म्हटले नाही.

आता ती सायकल. भाच्याने ती घरात, बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकून ठेवली होती, आपण देव्हारा ठेवतो तशी. किंमत ऐकून मी खाली बसलो. तेवढ्यात आमच्याकडे बरी चालती मोटार येते, आणि तिला वर छप्पर असते. वजन सोळा-सतरा किलो. हँडल पाऊण मीटरहून रुंद. पुढचा फाटा मोटारसायकलसारखा दुहेरी. पुढे आणि मागे दोन्हीकडे चाक सुमारे २०० मिलिमीटर वरखाली होते, म्हणजे जवळजवळ वीतभर. सीट इतकी खाली, की ती बसण्यासाठी नसून शोभेसाठी असावी. "बसायचंच नाही मामा, उभं राहायचं," भाचा म्हणाला. एवढे पैसे मोजून उभ्याने प्रवास करायचा, तर लोकल काय वाईट?

पण त्या स्प्रिंगचे काम मला पटले. मागची स्प्रिंग स्वाराच्या वजनावरून निवडतात. इन्शुरन्सच्या फॉर्मवर चार किलो कमी लिहिता येतात, स्प्रिंगपुढे ते चालत नाही. स्वार वर उभा राहिला, की मागचे सस्पेन्शन साधारण तीस टक्के आधीच दबले पाहिजे. का? तर खड्डा आला म्हणजे चाकाला खाली जायलाही जागा हवी, नाहीतर ते जमीन सोडते. मी लगेच म्हणालो, "म्हणजे मार्जिन!" तारणाच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज आम्हीही देत नाही. आणि दबलेली स्प्रिंग एकदम उसळून माणसाला फेकून देऊ नये म्हणून आत तेल असते. ते बारीक भोकांतून जाताना धक्क्याची उष्णता करून टाकते. आमच्या हेडकॅशियरचा स्वभाव अगदी असाच आहे. खातेदार कितीही आदळो, ते ऐकून घेतात, आतल्या आत तापतात आणि सावकाश पूर्वपदावर येतात.

शनिवारी भाच्याने मला व्हिस्लरला नेले. व्हँकुव्हरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. तिथला सायकल पार्क १९९९ सालचा. बर्फ वितळले, की स्कीवाल्यांच्या पाळण्यांवर सायकली चढतात. सायकल एका पाळण्यात लटकते, माणूस दुसऱ्यात. वर जाताना खाली अस्वल दिसू शकते, असे भाच्याने सहज सांगितले, आपण 'डावीकडे शनिपार लागतो' म्हणतो त्या सुरात. वाटांना खुणा आहेत. सोपी ती हिरवे वर्तुळ, मधली निळा चौकोन, अवघड ती काळा शंकरपाळा आणि त्याहून अवघड ती दोन काळे शंकरपाळे. दिवाळीच्या फराळातला इतका साधा पदार्थ, पण मी त्याकडे पाहिले नाही.

भाड्याची सायकल, हनुवटीसकट डोके झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांना ढाली, अशा थाटात मी हिरव्या वाटेला लागलो. भाचा मागून सूचना देत होता. "पायडल आडवी ठेव. ब्रेकवर एकच बोट. आणि मामा, लांब बघ! दगडाकडे बघितलंस की दगडावरच जाशील." ही सूचना मी तपासून पाहिली, ती खरी आहे. जिथे नजर, तिथे चाक. पहिल्या पाच मिनिटांत मी त्या वाटेवरचा प्रत्येक दगड वैयक्तिक ओळखीचा केला. पुढे नजर वर गेली आणि सायकल आपली आपण वळू लागली. चाके खालून धडधड वाजत होती, पण हातात नुसती थरथर येत होती, जणू शेजारच्या बिऱ्हाडात भांडण चालू आहे आणि आपले दार लावलेले आहे. आठेक वर्षांची एक मुलगी मागून आली, आदबीने वाट मागितली आणि दिसेनाशी झाली. खाली पोचलो तेव्हा पायांत दम होता, पण हाताची बोटे उघडत नव्हती. सगळे श्रम थांबवण्याचे झाले होते. आमच्या खात्यात पगार त्याचाच मिळतो.

दुपारी भाचा शंकरपाळ्यावर गेला आणि मी कडेने चालत त्या वाटेच्या एका टोकाला उभा राहिलो. तिथे वाट एका खडकाच्या काठाशी संपत होती आणि दोन पुरुष खाली पुन्हा सुरू होत होती. मला कॉलरबोन आठवले, ताई आठवली, आणि तोंडाला कोरड पडली. भाचा आला, थांबला, उतरला. काठाशी जाऊन त्याने खाली पाहिले, ओल्या मातीला बूट लावून पाहिला. मागे दोघे-तिघे त्याची वाट पाहत होते. त्याने त्यांना पुढे जायची खूण केली, सायकल उचलली आणि बाजूच्या सोप्या वाटेने चालत खाली आला.

"आज नको, ओलं आहे," एवढेच म्हणाला.

लोकांदेखत 'आज नको' म्हणणारी माणसे मी आमच्या कर्जविभागात फार थोडी पाहिली आहेत. ज्याला ते जमते त्याला मी आणखी काय समजावणार?

परतताना त्याने २०१५ सालची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियात लिओगांगच्या शर्यतीत आरन ग्विनची साखळी सुटतानाच तुटली. पायडल मारायची सोय उरली नाही. तो तसाच, नुसत्या उताराच्या बळावर खाली आला आणि पहिला आला. मी ते ऐकून बराच वेळ गप्प बसलो. चाळिशीनंतर साखळीचा भरवसा कोणाचा असतो?

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवताना एक गोष्ट घोकून घेतली होती. यंत्र वापरले तर घसारा लागतोच. न वापरता गोदामात झाकून ठेवले तरी वर्ष सरल्याबद्दल लागतोच. परीक्षेत तिचे पाच मार्क होते. ती माणसालाही लागू आहे, हे अभ्यासक्रमात नव्हते.

रात्री ताईचा फोन आला. "समजावलंस का?"

मी तिला 'आज नको' सांगितले, अगदी ओल्या मातीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं हेल्मेट तरी नीट आहे ना रे?"

"चांगलं कानांवरून हनुवटीपर्यंत येतं."

"कान झाकतं?" ताई म्हणाली. "तरीच रविवारी माझा फोन उचलत नाही."