आमची पद्मिनी

मराठीच्या प्राध्यापिकेने मोटारीवर लिहावे याचे आमच्या स्टाफरूममध्ये अनेकांना हसू येते. परंतु गेल्या चार वर्षांत आमच्या घरात मोटारीइतके दुसऱ्या कशावरही बोलणे झालेले नाही. तेव्हा लिहायचेच तर याविषयी लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८२ सालची. म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान. २०२१ च्या दिवाळीनंतर अक्कलकोटजवळच्या एका शेतावर, गोठ्यालगतच्या पत्र्याखाली ती सापडली. मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार होता. नव्वद हजारांना ती घेतली आणि चालती करण्यात आणखी दीड लाख गेले. नवरा अर्थशास्त्र शिकवतो. बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, हे दरवर्षी विद्यार्थ्यांना समजावणारा हा गृहस्थ प्रत्येक बिलानंतर म्हणे, ‘आता एवढे घातलेच आहेत, तर...’

या खुळामागे एक जुनी गोष्ट होती. सत्तरच्या दशकात सासऱ्यांनी या गाडीसाठी नोंदणी केली होती. त्या काळी मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि नंबर लागला की त्या नंबरालाच बाजारात किंमत येई. सासऱ्यांचा नंबर लागला तेव्हा धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. त्यांनी सही केली, गाडी त्यांच्या नावावर निघाली आणि दुकानाच्या दारातूनच एका व्यापाऱ्याच्या घरी गेली. वरच्या पैशांत लग्न झाले. सासऱ्यांनी याबद्दल कधी हळहळ व्यक्त केली नाही. मात्र नोंदणीची पावती कपाटात जपून ठेवली होती. ते गेल्यावर ती आमच्या हाती लागली.

या गाडीचे मूळ सोलापूरचेच, ही माहिती मला फार उशिरा झाली. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये या गावात जन्मले. बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटे घेण्यापासून सुरुवात करून हा माणूस जहाजे, विमाने आणि मोटारींपर्यंत पोहोचला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. पुढे साठच्या दशकात अमेरिकेत हीच दोन नावे ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात अशा दांडग्या गाड्यांवर झळकली. १९६४ ची पाँटियाक जीटीओ त्या घराण्याची आद्य मानली जाते: सहा लिटरांहून मोठे इंजिन, ३२५ अश्वशक्ती. त्याच १९६४ मध्ये आपल्याकडे आली ती फियाट ११०० डिलाइट. इंजिन १०८९ सीसी आणि अश्वशक्ती चाळीसच्या आसपास. १९७४ मध्ये तिचेच नाव पद्मिनी झाले. तिकडचे लोक तारुण्यातल्या वेगासाठी जुन्या गाड्या घेतात म्हणे. आमच्याकडे वेगाचा प्रश्नच नव्हता.

मी मात्र सहा महिने तिच्यात बसले नाही. मुलगी नुकतीच पुण्याला शिकायला गेली होती, तिची फी, खोलीचे भाडे, आणि इकडे हा रविवारभर बॉनेटमध्ये डोके घालून बसलेला. घरात आमचे बोलणे गॅस, दूधवाला, पेपरतपासणी एवढ्यावर आले होते. भांडणही नव्हते. भांडायलासुद्धा काही विषय लागतो.

एका सकाळी तो आत आला आणि म्हणाला, ‘अगं, जरा बसून स्टार्टर मारतेस का? एकट्याला जमत नाही.’ मी बसले. त्याने कार्बोरेटरजवळ कान नेला, हाताने खूण केली, मी चोक ओढला. तिसऱ्या खेपेला इंजिन धरले. मेकॅनिक म्हणाला होता, ‘मॅडम, हिला रोज चालवावं लागतंय बघा.’ रोज चालवायचे काम हळूहळू माझ्याकडे आले. स्टिअरिंगखालचा तो हँडगिअर डाव्या हाताला बसायला महिना लागला. आता मी त्याच्यापेक्षा बरी चालवते, हे तोही कबूल करतो.

या गाडीत एसी नाही. काचा उघड्या, इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज. त्यामुळे शेजारच्याशीही ओरडूनच बोलावे लागते. एरवी तोंडातल्या तोंडात राहणारी वाक्ये येथे मोठ्याने निघतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये तुळजापूरच्या रस्त्यावर असेच झाले. विषय मुलीच्या नोकरीचा होता. तो म्हणाला, ‘लांब असली तरी संधी सोडू नये.’ मी ओरडले, ‘२००९ मध्ये पुण्याची नोकरी मी का सोडली, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?’ सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. सोडणे बरोबरच होते, असे मला आजही वाटते. परंतु ते गृहीत धरले गेले होते.

त्याने उत्तर देण्याआधीच गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. बेचाळीस अंशांत एसी पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली की असे होते. वाफेमुळे पेट्रोल पुढे चढत नाही. उपाय एकच, पंपावर ओले फडके ठेवून थांबायचे. आमच्याजवळ सोलापुरी टॉवेल होता. तो भिजवून पंपावर घातला आणि आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘माहीत होतं मला. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही.’ पंप निवायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात चौदा वर्षांचे बरेच काही बोलून झाले. सगळे येथे लिहिण्यासारखे नाही.

गाडीचे दिवस मात्र कठीण होत चालले आहेत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या त्याच महिन्यात ती रस्त्यावरून गेली. ज्या टॅक्स्यांच्या जिवावर सुटे भाग मिळत, त्याच संपल्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही. पाइप फुगतात, पंपाचा पडदा गळतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात आमच्याच उसाने आमच्याच गावकऱ्याची गाडी जेरीस आणावी, हेही एक सोलापुरीपणच. नोंदणीचे नूतनीकरण २०२७ मध्ये आहे आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींची फी २०२५ मध्ये दहा हजार झाली. ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नास वर्षे लागतात, म्हणजे २०३२. तोवर ती नुसती जुनी.

विकून टाकू, असे यंदा पहिल्यांदा तोच म्हणाला. मी नको म्हटले. पंपाचा पडदा नवा बसवला आहे, या रविवारी नळदुर्गपर्यंत जायचे आहे. टॉवेल आणि पाण्याचा कॅन डिकीत ठेवला आहे.