फक्त शाई भरा आणि लिहा

"फक्त शाई भरा आणि लिहा, सर." चार महिने झाले, तरी विकणाऱ्याचं हे वाक्य डोक्यातून जात नाही.

चिकपेटजवळ बी. व्ही. के. अय्यंगार रोडवर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. बेळगाव सोडून बंगळुरात येऊन मला बावीस वर्षं झाली. त्यातले कितीतरी रविवार त्या रस्त्यावर गेले. त्या दिवशी बंद घड्याळांच्या ढिगाशेजारी पार्कर ५१ हे शाईचं पेन दिसलं. काळं अंग, स्टीलचं टोपण. बाबांचं असंच होतं. मिरज स्टेशनवर गर्दीत कुणीतरी खिशातून काढून नेलं, आणि मग बाबांनी दुसरं घेतलंच नाही.

विकणाऱ्याने साडेचार हजार सांगितले. मी म्हटलं, चालतं का ते दाखवा. त्याने दौत उघडली, नीब बुडवली, कागदाच्या तुकड्यावर सही केली, मग पेन माझ्या हातात दिलं. मी बाबांचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, आठ-दहा ओळी झाल्या. कुठे अडखळलं नाही. मी पैसे मोजले.

इथेच मी फसलो, आणि हे सविस्तर सांगायलाच हवं. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या या पेनाची नीब आवरणाखाली झाकलेली असते, टोक तेवढं बाहेर डोकावतं. आवरणाच्या आत बारीक खाचांचा एक भाग असतो, तो शाई धरून ठेवतो. त्यामुळे ५१ नुसतं बुडवलं तरी बराच वेळ लिहितं. शाई भरायची सोय मोडलेली असली तरी लिहितं! बुडवून दाखवणं हा पुरावाच नव्हे. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

घरी मागचा भाग उघडून शाई भरायची पट्टी सहा वेळा दाबली, नीब पुसली, पानभर लिहिलं आणि पेन कोरडं पडलं. पुन्हा भरलं, तेच. मग भरून लगेच वाटीत पिळलं. चार थेंब पडले.

दुरुस्ती करणारे एक वयस्कर गृहस्थ शोधले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, आतली हवेची बारीक नळी तुटलीय, शाईची पिशवी चांगली आहे. १९४८ नंतरच्या ५१ची पिशवी सहसा खराब होत नाही, हे मलाही माहीत होतं. नळी बदलायची तर पुढचं आवरण फिरवून काढायचं. ते लाखेने बसवलेलं असतं, बेताची ऊब दिली की सुटतं. त्यांनी ऊब दिली. सुटेना. पुन्हा दिली. मग भिंग लावून सांध्यावर पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"सर, इथे कुणीतरी फेविक्विक लावलंय. जोर केला तर तडा जाईल. करू?"

मी करा म्हटलं. तडा गेला.

मला राग नळी तुटल्याचा नाही. सत्तर वर्षांच्या वस्तूचं काहीतरी मोडणारच. राग त्या फेविक्विकचा आहे. कुणीतरी पुढच्या माणसाची वाटच बंद करून टाकली, आणि वर तोंडभरून 'लिहायला तयार' म्हणून विकलं. जुनं पेन घेणाऱ्यांनी एक करावं: समोर पाणी भरायला लावावं, लगेच बाहेर पिळून थेंब मोजावेत, पुन्हा भरून नीब खाली धरून पाच मिनिटं थांबावं. विकणारा नको म्हणाला तर उठावं.

मी हे पेन परत करायला दोन रविवार गेलो. तो माणूस दिसला नाही. तिसऱ्या रविवारी गेलो नाही. खरं सांगायचं तर तोवर मला ते परत द्यायचंच नव्हतं.

तडा आहे तसाच आहे. दौत टेबलावर उघडी असते. काल बेळगावला बहिणीला पत्र लिहिलं, एकदा बुडवलं की पाऊण पान जातं.