चेहरे उजेडात येताना

शुक्रवार, 19 सप्टेंबर 2025

‘साबर बोंडं’ आज लागला आणि आजच पाहिला. आईला सोबत नेलं होतं. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो, एवढीच गोष्ट. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच कथाचित्रपटाला यंदा सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पाखरं ऐकू येतात, माणसांचे श्वास ऐकू येतात. कॅमेराही घाई करत नाही. दोन पुरुष शेजारी बसलेले दिसतात आणि आपली नजर स्थिरावेपर्यंत दिसत राहतात.

नातेवाईक सुतकातच आनंदच्या लग्नाचा विषय काढतात आणि त्याची आई त्याला सांभाळून घेते. घरी आल्यावर चहा टाकता टाकता आई म्हणाली, “त्या माउलीला सगळं ठाऊक होतं. बापालाही होतं. बरं वाटलं बघून.” माझ्याबद्दल मी तिला फार पूर्वीच सांगितलंय. पण दोघांनी मिळून ज्यावर बोलावं असं आमच्या भाषेतलं काही आजवर हाताशी नव्हतं.

रविवार, 21 सप्टेंबर

मित्राकडून सुनील गुप्ता यांच्या छायाचित्रांचं पुस्तक आणलं आहे. दिल्लीत 1953 साली जन्मलेला हा माणूस पंधराव्या वर्षी कॅनडाला गेला आणि पुढे शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचला. तिथे 1976 मध्ये त्यांनी ख्रिस्तोफर स्ट्रीटवर चालणारे समलिंगी पुरुष टिपले. भर दिवसा, ताठ मानेने, सरळ कॅमेऱ्याकडे येणारे. दहा वर्षांनी, 1986-87 मध्ये, त्यांनी दिल्लीत ‘एक्झाइल्स’ ही मालिका केली. इंडिया गेट, हुमायूनची कबर, ओळखीच्या सगळ्या जागा. पण इथली कितीतरी माणसं पाठमोरी, काहींचे चेहरे चौकटीबाहेर. छायाचित्रकार तोच. फरक होता तो समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा, नोकरीचा, घरच्यांच्या धाकाचा.

दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिलो. पाठमोऱ्या माणसांनाही मी धीटच म्हणेन. त्या काळात त्या हिरवळीवर कॅमेऱ्यासमोर बसायला होकार देणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी ती जोखीम घेतली म्हणून आज मला सांगता येतं की आम्ही तेव्हाही होतो, याच शहरांमध्ये.

बुधवार, 24 सप्टेंबर

नवरात्र सुरू आहे. चाळीच्या तोंडाशी परडी घेऊन जोगवा मागणारे आले होते, चौंडक्याचा आवाज वरपर्यंत आला. ‘जोगवा’ हा 2009 चा चित्रपट आठवला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. त्यात तायप्पाला देवीच्या नावाने लुगडं नेसवतात. त्याची इच्छा कुणी विचारत नाही. दुसरीकडे कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती. यल्लम्माच्या याच परंपरेत त्यांना स्त्री म्हणून जगण्याची वाट मिळाली, 2021 मध्ये पद्मश्रीही मिळाली. लुगडं तेच. एकाला ते जुलूम झालं, दुसरीला घर झालं. कपड्यात स्वातंत्र्य असतं ते तो आपण निवडला असेल तरच, हे फॅशनवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

साडीवरून बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकाही आठवतात. त्यांची साडी नेसण्याची ढब पाहून घरंदाज बायका तशी साडी नेसू लागल्या. त्यांच्यावर आजचं कोणतंही नाव चिकटवण्याचा हक्क मला नाही. पण पुरुषाच्या अंगावरचं स्त्रीचं सौंदर्य महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं होतं, ही आपली स्वतःची गोष्ट आहे. हे सगळं परदेशातून आलं म्हणणाऱ्यांनी ती विसरू नये.

शनिवार, 27 सप्टेंबर

रात्री ब्रॉन्स्की बीट ऐकलं. लंडनमधले तीन तरुण, तिघंही उघडपणे समलिंगी. त्यांचं ‘स्मॉलटाउन बॉय’ 1984 चं, घर आणि गाव सोडून निघालेल्या मुलाचं गाणं. त्याच वर्षीच्या त्यांच्या अल्बमच्या आतल्या पाकिटावर निरनिराळ्या देशांत समलिंगी संबंधांसाठी कायद्याने ठरवलेली वयं छापली होती. ब्रिटनमध्ये तेव्हा ते 21 होतं. कायद्याची माहिती गाण्याच्या पाकिटातून घरोघरी गेली.

डिसेंबर 1984 मध्ये याच बँडने संपावरच्या खाणकामगारांसाठी निधी उभा करायला कॅम्डेनमध्ये कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी लंडनच्या प्राइड मोर्चात वेल्सचे खाणकामगार आपले झेंडे घेऊन चालले. गिरणगावात वाढलेल्या माणसाला संपातली चूल काय असते ते सांगावं लागत नाही. अडचणीत जो धान्य आणून देतो, त्याचं नाव घरात कायम आदराने घेतलं जातं.

सोमवार, 29 सप्टेंबर

आज मुंबईच्या सिनेमाबद्दल. फिअरलेस नादियाचे चित्रपट काढणाऱ्या वाडिया घराण्यातल्या रियाद वाडियांनी 1996 मध्ये ‘बॉमगे’ हा छोटासा चित्रपट केला. पुण्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या कविता त्याच्या मुळाशी. दोन वर्षांनी ‘फायर’ लागला तेव्हा मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला 2003 मध्ये सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं.

रंगायन थांबले नाहीत. त्यांनी 2010 मध्ये मुंबईत ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव सुरू केला. पुढे तो लिबर्टी चित्रपटगृहात भरू लागला. ज्याच्या चित्रपटाला पडदा मिळाला नाही, त्याने इतरांसाठी पडदा उभा केला. यापेक्षा चोख उत्तर मला माहीत नाही.

गुरुवार, 2 ऑक्टोबर, दसरा

सकाळी आईला सोनं देऊन नमस्कार केला. दुपारी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्याविषयी वाचत बसलो. गोव्याच्या कोलवाळ गावात राहून त्यांनी हातमागावरच्या कुणबी साडीला पुन्हा जीव दिला आणि गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास लिहिला. 2002 मध्ये त्यांनी जोडीदार जेरोम मारेल यांच्याशी फ्रेंच कायद्यान्वये नातं नोंदवलं, सगळ्यांना कळेल असं. 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. आपलं प्रेम आणि आपल्या मातीचं कापड, दोन्ही त्यांनी सारख्याच अभिमानाने मिरवलं.

सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा कलम 377 चा गुन्ह्याचा शिक्का पुसला तो 6 सप्टेंबर 2018 रोजी. ‘एक्झाइल्स’ त्याआधी तीस वर्षं, ‘बॉमगे’ बावीस वर्षं. कायदा मागून आला. त्याआधी थोड्या पैशांत, स्वतःच्या जोखमीवर काम करणारी ही माणसं आमचे चेहरे जपून ठेवत होती.

म्हणून वाचकांना एकच विनंती. असा छोटा चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा, कारण दुसऱ्या आठवड्यात त्याचे खेळ कमी होतात. आणि जाताना घरातल्या मोठ्यांना सोबत न्या.